पैसे भरले की वाय-फाय सुरक्षित होतं का?

प्रश्न : नाशिकरोड स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मी रेलवायरचं वाय-फाय वापरते. पहिला अर्धा तास फुकट, पुढे पॅक घ्यावा लागतो. पैसे भरल्यावर त्यावर बँकेचे व्यवहार करायला हरकत नाही ना? (एक वाचक, जेलरोड)

उत्तर : पॅकमुळे वेग आणि डेटा वाढतो, सुरक्षितता होती तेवढीच राहते. वाय-फायच्या यादीत नावाशेजारी कुलूप दिसत नसेल तर ते नेटवर्क खुलं आहे, आणि फुकटवाले व पॅकवाले दोघेही त्यावरच असतात. सुरुवातीचा ओटीपी फक्त वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्यासाठी असतो. त्याने काहीही कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही असं, होत नाही.

बँकेची अ‍ॅप आणि एचटीटीपीएसच्या (पत्ता https ने सुरू होणाऱ्या) साइट आपला मजकूर स्वतःच कूटबद्ध करतात. शेजारच्या बाकावरून कोणी टेहळणी केली तर साइटचं नाव कळेल, पासवर्ड नाही. खरी भीती नकली नेटवर्कची. हॉटस्पॉटला तेच नाव कोणीही देऊ शकतो, आणि आधी एकदा वापरलेल्या खुल्या नेटवर्कला फोन नुसतं नाव पाहून आपोआप जोडला जातो. मग लॉगिनच्या पानासारखंच पान उघडून कार्डाचा पिन मागितला जातो. म्हणून काम झालं की नेटवर्क ‘फर्गेट’ करा, निदान ऑटो-कनेक्ट बंद ठेवा. यूपीआय पिन यूपीआय अ‍ॅपमध्येच टाकायचा, वेबपानावर कधीही नाही. सर्टिफिकेटचा इशारा (साइट खरी असल्याची खात्री पटत नाही, असा ब्राउझरचा संदेश) आला तर पुढे न जाता वाय-फाय तिथेच बंद करा. बँकेसाठी मोबाइल डेटाच वापरा. व्यवहाराला डेटा अगदी थोडा लागतो.

प्रश्न : कॉलेज रोडच्या कॅफेत बिलावर वाय-फायचा पासवर्ड छापून देतात. ते बरं का?

उत्तर : खुल्यापेक्षा बरं, पण थोडंच. डब्ल्यूपीए२ हा वाय-फाय सुरक्षेचा जुना प्रकार असेल, तर तोच पासवर्ड माहीत असलेला माणूस तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपून पुढचा मजकूर उलगडू शकतो. डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारात ही वाट बंद केली आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर नेटवर्कच्या नावापुढचं चाक दाबलं की ‘सिक्युरिटी’समोर प्रकार दिसतो. फुकटच्या व्हीपीएनवर (तुमचं सगळं इंटरनेट आपल्या सर्व्हरमार्गे कूटबद्ध करून नेणाऱ्या सेवेवर) विसंबू नका. कॅफेवाल्यापासून लपवलेलं सगळं त्या अनोळखी कंपनीच्या हाती जातं. विंडोजचा लॅपटॉप असेल तर नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवा. ‘प्रायव्हेट’ केलंत तर शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपला तुमचा लॅपटॉप दिसू शकतो.