पाखंड, नास्तिकपणा की चाड नसणे?

प्रश्न असा आहे: सॉक्रेटिसवरच्या खटल्याविषयी मराठीत लिहिताना 'असेबेइआ' (देवाधर्माचा अनादर) या ग्रीक आरोपाला काय म्हणावं, पाखंड की नास्तिकपणा?

माझं मत, दोन्ही नको.

नास्तिकपणा तर मुळीच नको. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये त्याच्यावर ठेवलेला ठपका असा होता की नगर ज्या देवांना मानतं त्यांना तो मानत नाही, नवीच दैवतं आणतो आणि तरुणांना बिघडवतो. नवी दैवतं आणणारा नास्तिक कसा? प्लेटोने सांगितलेले त्याचे शेवटचे शब्दही अस्क्लेपियस देवाला द्यायच्या राहिलेल्या कोंबड्याविषयीचे आहेत. आपल्याकडच्या नवस फेडणाऱ्याला ते लगेच कळतील. शिवाय आपला जुना 'नास्तिक' म्हणजे वेद न मानणारा. 'नास्तिको वेदनिन्दकः' असं मनुस्मृतीच म्हणते. देव न मानणारा हा अर्थ नंतर रुळला.

पाखंडाची गोष्ट मात्र थांबून सांगावी अशी आहे. गिरनारच्या शिलालेखात अशोक सगळ्या 'पासंडां'चा आदर करतो, कारण तिथे पासंड म्हणजे नुसता पंथ. पुढे दुसऱ्याचा पंथ तो खोटा पंथ असं होत गेलं आणि शब्दाला डाग लागला. मराठीत पाखंडी म्हणजे धर्ममताविरुद्ध बोलणारा. हिंदीत तो ढोंगी, आणि हल्ली मराठीतही हा हिंदी अर्थ सर्रास शिरतोय. मला ते फार खटकतं. १६३३ मध्ये चर्चने गॅलिलिओवर खटला चालवला, त्याच्याविषयी लिहिताना पाखंड हा शब्द नेमका बसतो. तिथे भांडण मताचं होतं. 'असेबेइआ' मात्र मतापुरती नाही, वागण्यातलीही आहे. आईवडील आणि मृत यांच्याशी वाईट वागणंही ग्रीक तिच्यातच धरत.

त्या शब्दाच्या पोटात 'सेबोमाइ' हे क्रियापद आहे: आदराने वागणं, पूज्य मानणं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत 'त्यज्'शी, आपल्या त्यागाशी जोडतात. मुळातला अर्थ मागे सरणं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली जमीन आठवली. पसरलेल्या वहीला पाय लागला की पाय झटकन मागे यायचा, हात वहीला लागून कपाळाला जायचा. कोणी सांगावं लागत नसे. ते मागे सरणं ज्याच्यात नाही, त्याच्याबद्दल आजी म्हणायची, "देवाधर्माची चाड नाही हो त्याला."

चाड! हाच तो शब्द. त्यात भीती आहे, लाज आहे आणि पर्वाही आहे.

प्रत्यक्ष मोडतोडीला मात्र 'विटंबना' हवा. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्समधल्या हर्मिस देवाच्या मूर्ती एका रात्रीत फोडल्या गेल्या, ती विटंबना. पुतळ्याची विटंबना आपण वर्तमानपत्रात वाचतोच. (विडंबन हा याचाच भाऊ, दोघंही संस्कृत 'विडम्ब्'पासूनचे. एक कवितेत हसवतो, दुसऱ्यावरून गाव बंद होतं.)

तेव्हा आरोपपत्रात 'देवांची अवहेलना' लिहा, आणि अथेन्सच्या बाजारातल्या माणसाच्या तोंडी "याला देवाधर्माची चाड नाही" घाला.