यमाईच्या दर्शनाला येताय? मग दुपारही औंधातच काढा

प्रश्न : आमची कुलदेवी औंधची यमाई. मुलाचं नुकतंच लग्न झालं, नव्या जोडप्याला दर्शनाला न्यायचं आहे. मुलगा म्हणतो, तासाभरात उलटं फिरू, तिथं बघायला आहे काय? माझे आजोबा मात्र सांगायचे की औंधच्या राजानं जिवंतपणी आपलं राज्य रयतेला देऊन टाकलं. हे खरं, की कुलदेवीच्या गावाचं कौतुक म्हणून सांगायची गोष्ट?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी एक काम करा. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘औंध’ घालू नका, पुढं ‘जिल्हा सातारा, तालुका खटाव’ असं घाला. आमच्याकडं कोथरूडहून निघालेले एक पाहुणे वीस मिनिटांत ‘पोचलो’ म्हणून फोन करते झाले. पुण्यातल्या औंधला पोचले होते. तुम्ही साताऱ्याकडून रहिमतपूरच्या रस्त्यानं या.

आता आजोबांचं. गोष्ट खरी आहे. मी या गावची सून, इथल्याच शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे माझ्या सांगण्यात थोडं माप झुकतं असेल, तेवढं सांभाळून घ्या. औंध संस्थान म्हणजे 72 गावं, तीही सलग नाहीत. ताटातून सांडलेल्या चुरमुऱ्यांसारखी विखुरलेली : औंध इथं, आटपाडी तिकडं माणदेशात, कुंडल आणखी खाली कृष्णेच्या बाजूला. गादीवर 1909 पासून भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांनी जाहीर केलं की कारभार रयतेकडं जाणार, आणि 21 जानेवारी 1939 ला तशी राज्यघटना लागू झाली. मागं तिघांचा हात होता. विलायतेत शिकून आलेले राजपुत्र अप्पासाहेब, मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर, आणि सल्ल्याला खुद्द गांधीजी. गावानं आपले पाच पंच निवडायचे, गावोगावच्या पंचायतींतून तालुक्याची समिती, तिथून वर विधिमंडळ. दिल्लीत आपली राज्यघटना तयार व्हायच्या दहा वर्षं आधी.

पण ‘देऊन टाकलं’ या शब्दावरून मी तुमच्या आजोबांशी वाद घातला असता. देणारा एक होता, घेणाऱ्यांना केवढं जड गेलं ते कोणी सांगत नाही. माझे आजेसासरे शेजारच्या गावचे पंच होते. सही येत नव्हती. कारभाराचे कागद आले तेव्हा शाळेतल्या नातवाकडून अक्षरं गिरवून घेतली. पहिल्याच वर्षी शाळेचं छप्पर आधी की पाणंद आधी, यावरून दोन भावक्यांत बोलणं बंद झालं, ते माझ्या लग्नापर्यंत बंदच होतं. सासूबाई आजेसासऱ्यांचं एक वाक्य सांगायच्या : “राजा होता तवर शिव्या राजाला घालता येत होत्या. पंच झालो, अन् शिव्या आमच्या दारात आल्या.” मला तर हे वाक्य त्या घटनेइतकंच मोठं वाटतं.

या राज्याचा आणखी एक धाडसी उद्योग म्हणजे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. कैद्यांना भिंतीत न कोंडता शेतीवर ठेवायचं, ही कल्पना. व्ही. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा सिनेमा त्याच्यावरूनच निघाला, आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा याच मुलखातले, औंधच्या शाळेत शिकलेले. बेचाळीसच्या चळवळीत कुंडल हे पत्री सरकारचं, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चाललेल्या समांतर सरकारचं, घर झालं. कुंडल औंध संस्थानात असल्यामुळे इंग्रजांच्या पोलिसांना तिथं सरळ हात घालणं अवघड होतं. राजाला हे माहीत नव्हतं, असं इथं कोणी म्हणत नाही. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं आणि प्रयोग तिथंच थांबला.

राहिला प्रश्न तासाभराचा. मूळपीठाचं दर्शन डोंगरावर, ते सकाळी उन्हाआधी उरका. कथा अशी की औंधासुराशी लढताना जोतिबानं देवीला ‘ये माई’ अशी हाक मारली, तीच यमाई. उतरताना वाटेत श्री भवानी संग्रहालय लागतं, ते चुकवू नका. बाळासाहेब स्वतः चित्रकार, त्यांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं 1938 मध्ये इथं मांडलं. राजा रविवर्म्याचं ‘सैरंध्री’ हे चित्र इथं आहे. इंग्लंडचा शिल्पकार हेन्री मूर याचं ‘माता आणि बालक’ हे शिल्पही इथंच आहे, आणि ते बघायला परदेशातले लोक येतात, तेव्हा आमची पोरं ‘दगडाची बाई बघायला आलेत’ म्हणून त्यांना वाट दाखवतात. सुनेला ‘सैरंध्री’समोर दोन मिनिटं उभी राहू द्या, मुलाला बाहेर मोबाइल बघत बसू द्या. वेळ मात्र आधी विचारून घ्या.

यात्रेला यायचं असेल तर पौषात या. रथ निघतो, गाव माणसांनी फुगतं, आणि दर्शनाला तास कसला, अर्धा दिवस जातो.

प्रश्न : सूर्यनमस्कार औंधच्या राजानंच शोधून काढले का? आमच्या योगवर्गात यावरून वाद झाला.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शोधून काढले नाहीत. नमस्कार त्यांच्या आधीपासून घातले जात होते. त्यांना शिस्त लावून शाळाशाळांत आणि जगभर नेलं ते बाळासाहेबांनी. संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे होते. सासूबाई त्या वेळच्या विद्यार्थिनी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही रोज पहाटे न्हाणीघराशेजारच्या फरशीवर बारा घालायच्या, ‘मित्राय नमः’पासून. तेराव्याला मी चहा ठेवायचे. एकदा विचारलं, “आई, आता कशाला?” तर म्हणाल्या, “शाळेत मास्तर मोजायचे, ती सवय.” वादाचा निकाल तुमच्याच वर्गात लावा.

प्रश्न : औंधला रात्रभर गाणं चालतं ते कुठं आणि कधी? तिकीट मिळतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आश्विन वद्य पंचमीला, दत्ताच्या देवळात. औंधचे दरबारी गवई अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये हा उत्सव सुरू केला. गायक आणि व्हायोलिनवादक गजाननबुवा त्यांचेच चिरंजीव. नामवंत गायक उल्हास कशाळकर गजाननबुवांचे शिष्य, म्हणजे या देवळाचा सूर कुठवर गेलाय ते बघा. आमच्या वेळी तिकिटाचं नाव नव्हतं. समोर मोठमोठे गवई आणि मागच्या भिंतीला टेकून घोंगडी पांघरलेला आमचा गडी, दोघांना दाद द्यायची मुभा सारखीच. बसायला चादर आणि अंगावर काहीतरी जाड आणा. पहाटे डोंगरावरून वारं उतरतं आणि भैरवीपर्यंत थांबायचं असेल तर ते सोसावं लागतं.