टर्बोचा बूस्ट: काट्यावरचा दाब आणि इंजिनातली हवा

प्रश्न: माझ्या टर्बो पेट्रोल गाडीला स्कॅनर लावला की चढावर १९० केपीए दिसतं. त्याच वेळी डॅशबोर्डवरच्या बूस्टच्या आकड्याकडे पाहिलं तर तो ०.९ बार असतो. यातलं खरं कोणतं?

उत्तर: दोन्ही खरी आहेत, फक्त दोघांचा शून्य वेगळा आहे. स्कॅनरवरचा आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा. तो निर्वात जागेपासून मोजतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही त्यात धरलेला असतो. डॅशबोर्डवरचा बूस्ट बाहेरच्या हवेच्या वर किती, एवढंच सांगतो. १०० केपीए (किलोपास्कल) म्हणजे १ बार, म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. समुद्रसपाटीवर बाहेरची हवाच सुमारे १०१ केपीए असते. १९० मधून ती वजा केली की ८९ केपीए, म्हणजे साधारण ०.९ बार उरतात.

यातून सेन्सरची एक फुकटची तपासणीही होते. इंजिन बंद असताना फक्त चावी फिरवा आणि मॅपचा आकडा वाचा. तो त्या ठिकाणच्या हवेच्या दाबाइतका यायला हवा. चार-पाच केपीएपेक्षा जास्त फरक असेल तर सेन्सरच्या तोंडावर काजळी बसलेली असते किंवा सेन्सर गेलेला असतो. हा आकडा चुकीचा असेल तर पुढची सगळी तपासणी चुकीच्या पायावर उभी राहते, म्हणून सुरुवात इथूनच करावी. मेकॅनिकशी बोलतानाही ‘एकूण दाब’ की ‘बूस्ट’ हे स्पष्ट विचारा. ‘दोन बार येतोय’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि त्यातला एक इंजिनासाठी घातक असू शकतो.

प्रश्न: न्यूट्रलमध्ये ४००० आरपीएमपर्यंत रेस दिली तरी बूस्ट शून्याच्या वर जात नाही. टर्बो गेला का?

उत्तर: नाही. टर्बो आरपीएमवर चालत नाही, एक्झॉस्टमधल्या ऊर्जेवर चालतो. किती वायू येतो, तो किती तापलेला आहे आणि टर्बाइनच्या (त्या वायूने फिरणाऱ्या टर्बोतल्या चाकाच्या) आधी-नंतर दाबात किती फरक आहे, यावर त्याची फिरण्याची ताकद ठरते. गिअर नसताना इंजिनाला फक्त स्वतःच्या घर्षणापुरतं इंधन लागतं. पेट्रोल इंजिनात तर थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागात) दाब नव्हे, ओढ असते. एवढ्याशा वायूवर टर्बो फिरतो, पण हवा दाबत नाही.

बूस्ट नेहमी भाराखाली तपासावा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि ३५०० पर्यंत जाऊ द्या. ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष आलेला दाब असे दोन्ही आकडे स्कॅनरवर नोंदवत ठेवा. स्कॅनरवर शेजारी बसलेल्याने लक्ष ठेवावं, चालवणाऱ्याने नाही.

‘टर्बो लॅग’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, तेही इथेच सांगून टाकतो. १२०० आरपीएमला कितीही थांबलात तरी पूर्ण बूस्ट येत नसेल, तर तिथे वायूच पुरेसा नाही. ती टर्बोच्या आकाराची मर्यादा. २५०० आरपीएमला पाय दाबल्यावर बूस्ट येतो, पण क्षणभराने, तो खरा लॅग. शाफ्टला (टर्बोची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याला) काही दहा हजार आरपीएमवरून दीड-दोन लाखांपर्यंत पोचायला लागणारा तो वेळ असतो. पहिल्यावर उपाय गिअर उतरवणं. दुसऱ्यावर उपाय टर्बोच्या आतली हलकी चाकं, लहान टर्बो किंवा फिरत्या पट्ट्यांचा टर्बो (टर्बाइनभोवतीच्या पट्ट्या फिरून वायूची वाट अरुंद-रुंद करतात तो), आणि ते ठरतं कारखान्यात.

प्रश्न: अर्धा बार बूस्टचा एक बार केला तर टर्बोमुळे मिळणारी जादाची ताकद दुप्पट होईल का? आणि इंटरकूलर एवढा महत्त्वाचा का मानतात?

उत्तर: ताकद दाबातून येत नाही, सिलिंडरमध्ये गेलेल्या हवेच्या वजनातून येते. कारण जाळायचं इंधन त्या वजनाच्या प्रमाणात ठरतं. आणि हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते.

हिशेब करून पाहू. बाहेर ३० अंश सेल्सिअस, कंप्रेसरची (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाची) कार्यक्षमता ७० टक्के. अर्धा बार बूस्टवर हवा साधारण ८३ अंशांना बाहेर पडते आणि तिची घनता बाहेरच्या हवेच्या १.२८ पट होते. एक बारवर ती १२५ अंशांना पोचते आणि एकूण दाब दुप्पट होऊनही घनता १.५२ पटच भरते. आता मध्ये चांगला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) घाला. हवा ५० अंशांपर्यंत उतरते, जाळीतून जाताना ०.०५ बार दाब वाया जातो, तरीही घनता १.८३ पट होते. बूस्टच्या काट्यावर दाब किंचित कमी दिसतो आणि इंजिनात हवा मात्र पाचव्या हिश्शाने जास्त जाते. काट्यावर डोळे लावून बसणाऱ्याला ही गोष्ट कधीच दिसत नाही.

म्हणूनच बूस्टकडे ‘इंजिनाने अजून न गिळलेली हवा’ म्हणून पाहावं. समोर अडथळा आहे म्हणून दाब साचतो. एक्झॉस्ट मोकळा केला किंवा सिलिंडर हेडमधून हवा सहज जाऊ लागली, तर तेवढ्याच हवेला कमी बूस्ट पुरतो. उलट लहान टर्बोकडून वरच्या आरपीएमला तोच एक बार काढायला गेलं, तर कंप्रेसरची कार्यक्षमता घसरते, हवा जास्त तापते आणि टर्बाइनच्या आधीचा एक्झॉस्टचा दाब इनटेकच्या दाबापेक्षा वर जातो. जळालेला वायू सिलिंडरमध्येच अडकतो. काटा एक बार दाखवतो, गाडी मात्र मरगळलेली असते.

पेट्रोल इंजिनात गरम हवेचा आणखी एक धोका म्हणजे नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये इंटरकूलर नव्हता आणि कॉम्प्रेशन रेशो १०.२५ होता. नॉकिंग टाळायला त्या गाडीत पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण फवारावं लागे, टाकी रिकामी झाली की बूस्ट आवरला जाई. आज तेच काम इंटरकूलर, नॉक सेन्सर आणि ईसीयू मिळून करतात. हवा गरम आली तर ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. उन्हात रखडत चाललेली टर्बो पेट्रोल गाडी मंद वाटते, ती यामुळेच.

प्रश्न: वेस्टगेट नेमका बूस्ट कसा ठरवतो? त्याची दांडी आखडून बूस्ट वाढवता येतो असं ऐकलं.

उत्तर: टर्बाइनच्या बाजूने जाणारी एक पळवाट आणि तिच्यावरचं झाकण, म्हणजे वेस्टगेट. ते उघडलं की काही वायू टर्बाइनला न फिरवता थेट सायलेन्सरकडे जातो. जुन्या पद्धतीच्या, दांडीने झाकण हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये एका बाजूला स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला कंप्रेसरकडून आलेला दाब असतो. समजा स्प्रिंग ०.५ बारला झाकण सोडते. ईसीयूला ०.९ हवे असतील तर मधला सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह नळीतला काही दाब बाहेर सोडतो. अ‍ॅक्च्युएटरला दाब कमीच पोचल्यासारखा होतो आणि झाकण उशिरा उघडतं.

बिघाडाचा माग इथे सरळ लागतो. बूस्ट कायम स्प्रिंगच्या आकड्यावरच अडकत असेल तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर पाहा. बूस्ट वर पळून गाडी अचानक झटका देऊन मंदावत असेल, तर अ‍ॅक्च्युएटरची नळी निसटली आहे, फाटली आहे, किंवा झाकणाची पिन अडकली आहे. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रिक मोटर करते, तिथे दांडी हलवली तर मोटरची शिकलेली जागाच चुकते.

दांडी आखडू नका. स्प्रिंगवरचा ताण वाढतो, बूस्ट वाढतो, पण ईसीयूच्या तक्त्यातलं इंधन आणि ठिणगीची वेळ आधीच्याच दाबासाठी असते. शाफ्टचा वेगही वाढतो आणि ती मर्यादा ओलांडली की पाती फाटतात. वाढीव बूस्ट हवाच असेल तर तो कंप्रेसरचा नकाशा (तो कोणत्या दाबाला किती हवा देऊ शकतो याचा आलेख), इंजेक्टरची क्षमता आणि एक्झॉस्टचं तापमान पाहून, इंधनाच्या तक्त्यासकट बदलून घ्यावा.

प्रश्न: डिझेल गाडी पिकअप घेत नाही, काळा धूर मारते आणि स्कॅनरवर पी०२९९ कोड आला आहे. गॅरेजमध्ये टर्बो बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर: आत्ता नको. पी०२९९ चा अर्थ ‘मागितला तेवढा बूस्ट आला नाही’ एवढाच आहे. टर्बो खराब आहे असं तो कोड म्हणत नाही. काळा धूर तर वेगळ्याच दिशेला बोट दाखवतो: हवा एअर मास सेन्सरमधून मोजून आत आली, इंधन त्या हिशेबाने पडलं आणि हवा वाटेतच गळाली. स्वस्तातल्या आणि सोप्या गोष्टी आधी तपासा, या क्रमाने.

आधी एअर फिल्टर आणि त्याच्या डब्याकडे येणारी वाट. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचा प्रत्येक होज. जोडाजवळ तेलकट ओल आणि तिच्यावर धूळ चिकटलेली असेल तर गळती बहुधा तिथेच. होजची खालची बाजू हाताने दाबून पाहा. कित्येक चिरा फक्त दाबाखाली उघडतात आणि वरून होज नवाकोरा दिसतो.

डोळ्यांना काही सापडलं नाही तर दाब देऊन तपासा. इंजिन थंड आणि बंद हवं. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावरचा पाइप काढून तिथे झडप बसवलेलं बूच घट्ट क्लॅम्पने लावा. क्रँककेसकडून (इंजिनाच्या खालच्या पोटाकडून) त्या पाइपात वाफा आणणारी ब्रीदरची नळी वेगळी करून तिचं तोंड बंद करा. हे विसरलात तर दाब थेट क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील उचकटतो. मग रेग्युलेटर लावून ०.५ बारपासून हवा भरा, एक बारच्या वर जाऊ नका, आणि बुचासमोर उभं राहू नका. जोडांवर, होजवर आणि इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टोप्या जिथे जाळीला दाबून बसवलेल्या असतात तिथे साबणाचं पाणी लावा. इंजिनाच्या आतून थोडी फुसफुस ऐकू येणं स्वाभाविक आहे, कारण काही व्हॉल्व्ह उघडे असतात. बाहेर बुडबुडे आले तर गळती सापडली.

इथवर सगळं घट्ट निघालं तर ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इनटेकमध्ये सोडणारा) उघडा अडकलेला नाही ना, ते पाहा. मग व्हॅक्यूम. फिरत्या पट्ट्यांच्या बऱ्याच डिझेल टर्बोंमध्ये अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालतो आणि व्हॅक्यूम नाही पोचला की पट्ट्या उघड्या राहून बूस्ट पडतो. पेट्रोलच्या वेस्टगेटच्या अगदी उलट! हातपंप लावून दांडी सरळ, न अडखळता सरकते का आणि पंपाचा काटा मिनिटभर स्थिर राहतो का, ते बघा. बोटाएवढ्या रबरी नळीतल्या चिरेपायी अख्खे टर्बो बदलले जातात, म्हणून ही पायरी वगळू नये. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबलेला असेल तर टर्बाइनपुढचा वायू निघून जात नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक स्कॅनरवर दिसतो.

सगळ्यात शेवटी टर्बो. पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. बाजूला किंचित खेळ असणं ठीक आहे, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं, फक्त पातं भोवतालच्या आवरणाला घासता कामा नये. पुढे-मागे मात्र हाताला जाणवेल असा खेळ नको. पात्यांच्या कडा झिजलेल्या किंवा तुटलेल्या नकोत.

आणि टर्बो खरंच गेला असेल तर नवा लावण्याआधी जुना का गेला ते शोधा. ऑइलची येणारी नळी बदला, स्वच्छ दिसली तरी. परत जाणारा ड्रेन पाइप मोकळा करा, तो तुंबला की चांगल्या टर्बोचंही सील ऑइल सोडतं. इंटरकूलरमधलं साचलेलं ऑइल पूर्ण काढा. ते राहिलं तर डिझेल इंजिन तेच जाळत स्वतःहून रेस होत जातं आणि चावी काढली तरी थांबत नाही. नव्या टर्बोत ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा, इंधन बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर मारा, मग काही मिनिटं आयडलिंगवर ठेवा.

प्रश्न: ओव्हरटेक करताना गाडी एकदम मंदावते, चेक इंजिनचा दिवा लागतो. बंद करून चालू केली की ठीक. डिझेल, कोड पी०२३४.

उत्तर: बूस्ट मागणीपेक्षा वर गेला आणि ईसीयूने गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद कमी ठेवणाऱ्या अवस्थेत टाकली. फिरत्या पट्ट्यांमध्ये काजळी बसून त्या मिटलेल्या अवस्थेत अडकतात, हे नेहमीचं कारण. सतत हळू आणि थोडंथोडं चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं. अ‍ॅक्च्युएटर सोडवून टर्बोचा लिव्हर हाताने फिरवा. तो दोन्ही टोकांपर्यंत सुळकन गेला पाहिजे. अडखळत असेल तर टर्बाइनची बाजू उघडून पट्ट्यांची कडी साफ करावी लागते. मर्यादेचा स्क्रू हलवू नका, तो प्रवाह मोजून बसवलेला असतो.

प्रश्न: डोंगरावर गेलं तरी टर्बो गाडीची ताकद कमी होत नाही, हे खरं का?

उत्तर: काही उंचीपर्यंत. ३००० मीटरवर हवेचा दाब सुमारे ०.७ बार असतो. एकूण २ बार टिकवायचे तर टर्बोला दाब दुपटीऐवजी २.८६ पट करावा लागतो, म्हणजे शाफ्ट बराच वेगाने फिरतो आणि हवाही जास्त तापते. वेगाची मर्यादा जवळ आली की ईसीयू स्वतःच मागणी घटवतो.

प्रश्न: गाडी बंद करण्याआधी थांबावं का?

उत्तर: रोजच्या शहरी चालवण्यात शेवटची मिनिटं तशीही हळूच जातात, वेगळं थांबायची गरज नाही. लांब चढ किंवा सलग वेगानंतर लगेच बंद करायची असेल तर एक-दोन मिनिटं आयडलिंगवर ठेवा. पेट्रोल इंजिनात टर्बाइनपाशी वायू ९५० अंशांच्या वर जाऊ शकतो. ऑइल थांबलं की ती उष्णता बेअरिंगकडे सरकते, तिथलं ऑइल जळून कोळसा होतो आणि नळी आतून बारीक होत जाते. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोत धोका कमी, संपलेला नाही. ऑइल मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदला.