पोट सुटलेल्या माणसाला डॉक्टर ‘पुअरली नरिश्ड’ का लिहितात?

वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘मॉडरेटली बिल्ट, पुअरली नरिश्ड’ (बांधा मध्यम, पोषण कमी) असं लिहिलंय, पोट तर चांगलं सुटलंय, मग डॉक्टरांनी न बघताच ठोकून दिलं का, असं तुम्ही विचारलंय.

ठोकून देतात, नाही असं नाही. वॉर्डात केसपेपरांचा ढीग असला की ‘मॉडरेटली बिल्ट अँड नरिश्ड’ आपोआप लिहिलं जातं. पण इथे दोन शेरे वेगवेगळे आहेत, म्हणजे कुणीतरी पेशंटकडे पाहिलंय.

बांधा म्हणजे हाडापेराचा भाग: वय, उंची, खांद्यांची रुंदी. मोठ्या माणसाचा तो चार आठवड्यांच्या आजारपणात बदलत नाही. पोषण मात्र बदलतं, आणि ते आम्ही पोटावर कधीच बघत नाही. कानशिलं आत गेलीत का, गळपट्टीच्या हाडावर खळगा पडलाय का, दंडामागची कातडी चिमटीत धरली तर हाताला काही लागतं का, अंगठ्याच्या बुडाशी मांस उरलंय का, हे बघतो. लिव्हरच्या जुनाट आजारात पोटात पाणी साठतं, हातापायाच्या काड्या होतात आणि वजनकाटा बिनधास्त जुनाच आकडा दाखवतो.

एरवीही काटा आपल्या लोकांना फसवतोच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! म्हणून भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे गेला की आम्ही सावध होतो, आणि कंबर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत हवी असं सांगतो. (जिममधलं एक्टोमॉर्फ-मेसोमॉर्फ, म्हणजे सडपातळ-पिळदार असे बांध्याचे ठरीव प्रकार, डोक्यातून काढून टाका. शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यावरून माणसाचा स्वभावही ठरवला होता. दवाखान्यात त्याचा उपयोग शून्य.)

तुमच्या वडिलांचं पोट चरबीचं की पाण्याचं, हे इथून सांगता येणार नाही. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ तेच विचारा, सोनोग्राफी झाली असेल तर रिपोर्ट सोबत न्या. जेवण किती कमी झालंय, घड्याळाचा पट्टा किंवा बोटातली अंगठी सैल झालीय का, तेही सांगा. पँटच्या मापावर मात्र जाऊ नका.