सर्व्हर शंका-समाधान: एलपारची मेमरी जाते कुठे?

प्रश्न: आमच्या आयबीएम पॉवर ७ सर्व्हरमध्ये २५६ जीबी मेमरी आहे. एआयएक्सचे (आयबीएमची युनिक्स प्रणाली) सहा एलपार, म्हणजे एकाच सर्व्हरचे स्वतंत्र चालणारे भाग, प्रत्येकी २४ जीबी, म्हणजे १४४ जीबी वाटली. ११२ उरायला हवी, पण एचएमसी (सर्व्हर सांभाळायचा कन्सोल) ८५च दाखवतो. बाकीची गेली कुठे?

उत्तर: आधी प्रत्येक एलपारच्या प्रोफाइलमधला (एचएमसीवर साठवलेल्या सेटिंग्जमधला) 'मॅक्सिमम' आकडा बघा. पुढेमागे लागेल म्हणून तिथे २५६ टाकले असतील, तर मेमरी तिथेच अडकली आहे.

प्रोफाइलमध्ये मेमरीचे तीन आकडे असतात: मिनिमम, डिझायर्ड आणि मॅक्सिमम. मिनिममइतकीही मेमरी मोकळी नसेल तर एलपार सुरूच होत नाही. डिझायर्ड ही नेहमीची मागणी. मॅक्सिमम म्हणजे चालू एलपारची मेमरी डीएलपारने (एलपार बंद न करता बदल करायची सोय) किती वाढवता येईल याची हद्द, आणि ही हद्द फुकट मिळत नाही. तिच्या १/६४ इतकं पेज टेबल (मेमरीचं कोणतं पान कुठे आहे याची नोंद) हायपरव्हायजर, म्हणजे सगळे एलपार चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, आधीच राखून ठेवतो. २५६ जीबीला ४ जीबी, सहा एलपारना २४. वरचे तीनेक जीबी हायपरव्हायजरचे स्वतःचे आणि आय/ओच्या (इनपुट-आउटपुटच्या) टेबलांचे. त्यांना हात लावता येत नाही.

मॅक्सिमम ६४ करा. टेबलाचा आकार २च्या पुढच्या घातापर्यंत वाढवला जातो, त्यामुळे ४८ ठेवलंत तरी १ जीबीच जाणार. ६५ केलंत की मात्र थेट २ जीबी! ६४वर एकूण १८ जीबी सुटतील.

नुसत्या रिबूटने प्रोफाइल पुन्हा वाचलं जात नाही. एलपार पूर्ण शटडाउन करा, एचएमसीवर 'नॉट अ‍ॅक्टिवेटेड' दिसू द्या, मग अ‍ॅक्टिवेट करताना 'करंट कॉन्फिगरेशन' न घेता बदललेलं प्रोफाइल निवडा. हे चुकलं तर मिनतवारीने मिळवलेला डाउनटाइम वाया जातो. मधल्या काळात डीएलपारने मेमरी वाढवली असेल, तर तो आकडा आधी डिझायर्डमध्ये भरा. नाहीतर एलपार जुन्याच मेमरीवर उठेल.

प्रश्न: डेटाबेसचा एलपार शेअर्ड मेमरी पूलमध्ये (अनेक एलपार मिळून वापरतात त्या मेमरीत) टाकावा का?

उत्तर: प्रॉडक्शनचा अजिबात नको, त्याला डेडिकेटेड, म्हणजे फक्त त्याचीच, मेमरी द्या. पूलमध्ये आहे त्यापेक्षा जास्त मेमरी वाटता येते, पण सगळ्यांवर एकदम लोड आला की हायपरव्हायजर मेमरीची काही पानं व्हीआयओएसच्या (इतर एलपारना डिस्क आणि नेटवर्क पुरवणारा एलपार) पेजिंग डिस्कवर ढकलतो. मग डेटाबेस जो बफर मेमरीत आहे असं समजतो, तो डिस्कवरून येतो आणि क्वेरी रेंगाळतात. वेगवेगळ्या वेळी गजबजणारे टेस्ट आणि डेव्हलपमेंटचे एलपार पूलमध्ये चांगले चालतात. प्रत्येकासाठी निदान मॅक्सिममइतकी पेजिंग डिस्क ठेवा. पूलमधल्या एलपारना प्रोसेसर शेअर्डच लागतात आणि सगळं आय/ओ व्हर्च्युअल.