खेड्यात राहून व्हायोलिनवर लोकसंगीत आणि जॅझ दोन्ही वाजवत पोट भरता येतं का?

भरतं. पण ‘मी फ्यूजन करतो’ असं सांगत फिरलास तर भरत नाही.

तू लिहिलंस की वय एकोणीस, गाव गडचिरोलीकडचं, चार वर्षं मांडी घालून व्हायोलिन शिकतोयस. मोबाइलवर अमेरिकी व्हायोलिनवाला मार्क ओ’कॉनर ऐकल्यापासून झोप उडाली आहे आणि मास्तर म्हणतात, आधी एक धड कर. माझा पुतण्या तुझ्याच वयाचा, म्हणून ‘तू’ म्हणतो, राग मानू नको.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत अकरा हंगाम साथीला बसलो. तुला सांगायला नको, दिवाळी झाली की नाटक कंपन्यांचं वडसा जागं होतं आणि होळीपर्यंत कुठे मंडईची जत्रा, कुठे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. दहाला पडदा उघडतो, संपेपर्यंत कोंबडा आरवतो. तेवढ्या वेळात नांदी, नाट्यपद, लावणी, कॉमेडी पार्टाची उडती चाल आणि कुणी मेलं की रडकं पार्श्वसंगीत. एका रात्रीत एवढे ढंग वाजवून घेणारी दुसरी शाळा मला माहीत नाही.

पहिल्या हंगामात माझी फजिती झाली. मी शिकलो होतो तारा गाण्याच्या पट्टीप्रमाणे षड्ज-पंचमात, म्हणजे सा-पमध्ये, लावून. इथे नायकाचं पद काळी दोन या पट्टीत आणि लगेच नटीची लावणी पांढरी पाचमध्ये. दर गाण्याला मी खुंट्या पिरगाळायचो. जानेवारीच्या थंडीत अशीच एक तार चढवताना ती तडकन तुटून गालावर बसली. ऑर्गनवाले मास्तर मान न वळवता म्हणाले, “बाबू, तारा नोको पिरगाळू, बोटं सरकव.” तेव्हापासून तारा जी-डी-ए-ई अशा पाश्चात्त्य पद्धतीने लावून ठेवल्या आणि येईल ती पट्टी बोटांनीच शोधायची सवय लावली. पुढे जॅझ वाजवायला बसलो तेव्हा हीच सवय कामी आली, कारण तिथेही समोरचा पट्टी सांगतो आणि लगेच सुरू करतो. लिहून काही दिलेलं नसतं.

जॅझ व्हायोलिनचा थोरला माणूस म्हणजे पॅरिसचा स्तेफान ग्रापेली, १९०८ चा जन्म. पोरवयात रस्त्यावर वाजवलं, मग मूकपटांच्या थिएटरात साथीला बसला. म्हणजे आपल्याचसारखा, दुसऱ्याच्या नाटकाखाली! १९३४ मध्ये गिटारवाल्या जँगो राइनहार्टबरोबर त्याने संच काढला. तीन गिटार, एक बास आणि हा. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही. म्हातारपणी, १९८४ मध्ये, त्याची आपल्या व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबरही ध्वनिमुद्रिका आली. (सुब्रमण्यम एमबीबीएस आहेत, हे घरच्यांना जरूर सांग.)

आता तुझा ओ’कॉनर. १९६१ चा, सिअॅटलचा. आधी फिडल, म्हणजे वाद्य हेच, चाली लोकांच्या. टेक्सासचा ढंग त्याने बेनी थॉमसन या जुन्या फिडलवाल्याकडून घेतला आणि पोरवयातच स्पर्धा मारल्या. मग १९७९ च्या सुमारास तो ग्रापेलीच्या दौऱ्यावर गेला. कशाला? गिटार वाजवायला! इथे तू थोडा थांब. व्हायोलिनच्या स्पर्धा जिंकलेला पोरगा दुसऱ्याच्या व्हायोलिनमागे गिटार धरून बसला. जॅझ तो असा शिकला. पुढे नॅशव्हिलमध्ये इतरांच्या शेकडो गाण्यांत वाजवलं, १९९१ ते १९९६ सलग सहा वर्षं कंट्री म्हणजे अमेरिकी गावाकडच्या ढंगाच्या संगीतातला वर्षाचा वादक ठरला, १९९३ मध्ये फिडल आणि ऑर्केस्ट्रासाठी स्वतःची रचना केली, १९९६ मध्ये यो-यो मा या चेलोवादकाबरोबर अल्बम. मोबाइलवर आपल्याला हे शेवटचंच दिसतं. त्याआधीची साथीची वर्षं दिसत नाहीत.

म्हणून तुझ्या मास्तरांचं अर्धं खरं. डी. के. दातारांचं हिंदुस्तानी व्हायोलिन ऐक आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गळ्यातून आल्यासारखी येईपर्यंत सोडू नको. पण ‘पूर्ण झाल्यावर’ बाहेर पडशील तर कधीच पडणार नाहीस. जॅझचा स्विंग डाव्या हातात नाही, गजात आहे. लागोपाठचे दोन स्वर सारखे वाजवायचे नाहीत, पहिला जरा लांबवायचा, दुसरा आखडायचा. कागदावरून हे येत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात ठेका चढला की जो झोल येतो, त्यावर गज चालवून बघ, मला तरी तिथूनच सापडला.

आणि लोकसंगीतासाठी टेक्सास कशाला? राजुरा-जिवतीकडे परधानांची, म्हणजे गोंडांच्या कथा गाणाऱ्या जमातीची, किंगरी आहे. तीन तारा, गजाने वाजवतात, त्यावर गोंडांच्या देवांच्या कथा गातात. मी एकदा दुपारभर एका आजोबांजवळ बसलो होतो. त्यांचा गज तारेवर घासतो, खरखरतो आणि ती खरखरच कथेला धार देते. आपण चार वर्षं तीच घालवण्यात काढतो. त्यांनी माझं व्हायोलिन उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “हे पेटीत कायले ठेवता जी, रुसते का?” तिथून चाल घेतलीस तर कुणाकडून घेतली ते मंचावर सांग, आणि मिळालेल्या पैशांतही त्यांचा वाटा ठेव.

पैशाचं थोडक्यात: हंगामात नाटकं, उन्हाळ्यात लग्नं, मध्ये शिकवण्या, कधी नागपुरात रेकॉर्डिंग, आणि माझं तीन एकर धान आहेच. एका नाटक कंपनीने माझे शेवटच्या सहा नाटकांचे पैसे बुडवले, तेव्हापासून अर्धे आधी घेतो.

हो, एक राहिलं. व्हायोलिन मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवू नको. ते सरसाने जोडलेलं असतं, उन्हाने सांधा सुटतो. सुटला तर घाबरू नको, पुन्हा सरसानेच जोडता येतो, मात्र बाजारचा पांढरा गोंद लावू देऊ नको, तो नंतर धड उकलत नाही. माझं पहिलं व्हायोलिन तसंच गेलं. गावच्या सुताराने मोठ्या प्रेमाने चिकटवून दिलं होतं.