पडवीतलं वारली चित्र पावसाळ्यात का गेलं?

तुम्ही विचारलंय की आई ६१व्या वर्षी, कुणाकडे न शिकता, देवगडच्या घरी वारली चित्रं काढायला लागल्या. पण पडवीत तांदळाच्या पिठाने काढलेलं चित्र गणपतीपर्यंत काळं पडलं आणि खालून सुटलं. त्यांचं काय चुकलं?

त्यांचा हात चुकलेला नाही. तांदूळ हे बुरशीचं आवडतं खाणं आहे, आणि दमट हवेत ती आधी तिथेच धरते. वारल्यांकडे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं चौकोनी चित्र, कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर काढतात, तो त्या कार्यापुरता. वर्षानुवर्षं टिकावा म्हणून हा रंग नव्हताच. खालून सुटायचं कारण वेगळं. भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर ओढतो. ती सुकताना लोणा, म्हणजे पांढरा क्षार, बाहेर येतो आणि रंगाचा पापुद्रा ढकलून देतो. म्हणून खालची दीड-दोन फूट भिंत कोरी सोडा.

काम दिवाळीनंतर काढा. आधी हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला २४ तास डकवून ठेवा. आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, थांबा. ऑइलपेंटची भिंत असेल तर पिठाचा रंग तिच्यावर धरतच नाही, गोळा होऊन ओघळतो.

अर्धी वाटी जाडा तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखा वाटा आणि पंच्यातून गाळा. बाभळीचा डिंक वेगळा भिजवून त्याचं पाणी थोडं थोडं घाला. सुकलेल्या रेघेवर बोट फिरवल्यावर पांढरं लागलं तर डिंक कमी पडला. रेघ तडकून उचलली तर जास्त झाला. ओली रेघ फिकी दिसते म्हणून लगेच दुसरा हात देऊ नका, सुकली की पांढरी उठते. उरलेलं वाटण दुसऱ्या दिवशी आंबतं, रोज ताजं करा. रेघ काढायला काडी माणग्याची, म्हणजे बांबूची, आगपेटीच्या काडीएवढी, टोक चावून तंतू सुटे केलेली.

पावसाळाभर टिकवायचं असेल तर काव (गेरू) दिलेल्या भिंतीऐवजी बाहेरच्या कामाचं गेरू रंगाचं इमल्शन आणि त्यावर पांढरा अ‍ॅक्रिलिक वापरा. किंवा सरळ कापडावर या. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदा-कापडावर आणली, त्यामुळे त्यात कमीपणा काहीच नाही. कापडाची घडी घालू नका, गुंडाळून ठेवा.

वयाची काळजी वाटत असेल तर मध्य प्रदेशातल्या उमरियाच्या चित्रकार जोधैयाबाई बैगा सत्तरीच्या आसपास रंगवायला लागल्या, त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

आणि एक, जे बहुतेक जण विसरतात: वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकासाठी असतो, हातभर लांबच्या भिंतीवर त्यातून रेघ पुसट दिसते. म्हणून त्या अंतराचा नंबर काढून घ्या. आई मनगट थरथरतं म्हणत असतील तर त्यांना डाव्या हातात आडवी काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायला सांगा.